श्रीमतीवरची टिकली

वन्सं, पान बदललं बरं का. आज सकाळी. एका शब्दाचं काम, आणि ते करायला मला तुमचं तेरावं व्हावं लागलं. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, ते हेच. तुम्ही असता तर नुसतं म्हणाला असता, "झालं ना वं माय? मग चहा टाक." एकदाही टोमणा मारला नाहीत, हेच आता जिवावर येतंय. पुन्हा एकदा तरी ताडकन बोलायचं होतं. मी तोंडाची फटकळ, उलटून बोलले असते, आपली चांगली जुंपली असती, आणि रागाच्या भरात का होईना, ते काम माझ्या हातून झालं असतं.

लोक भेटायला येतात आणि म्हणतात, नणंद-भावजयीचं एरवी विळ्या-भोपळ्याचं सख्य, पण तुमच्या दोघींचं काही औरच होतं. मी खाली मान घालून चहाचे कप गोळा करते. त्यांना वाटतं, दुःखाने बोलवत नाही. दुःख आहेच. पण मान खाली जाते ती लाजेने, हे मी कुणाला सांगू? तुम्हालाच सांगते.

लग्न होऊन मी नाशिकहून सुरतेला, भेस्तानच्या या दोन खोल्यांत आले तेव्हा तुम्ही इथं होताच. भावाकडे राहणारी बहीण. तुमचे यजमान मस्कतला कामाला गेले, काही वर्षं पत्रं आली, मग पत्रं थांबली. माणूस आहे की नाही, दुसरा संसार मांडला की काय, कुणाला काही ठाऊक नाही. तुम्ही धुळ्याकडचं सासर सोडून सुरतेला आलात आणि मार्केटातून साड्यांचे गठ्ठे आणून बमरोलीतल्या बायकांना फॉल लावायला वाटू लागलात. कपाळावर ही एवढी मोठी लाल टिकली, गळ्यात मंगळसूत्र, खांद्याला पिशवी, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरच्यांना आपल्या घरची भाजी कळावी. पहिले काही महिने मी तुम्हाला चक्क घाबरायचे.

मग यांनी घरात कॉम्प्युटर आणला. बँकेतून आल्यावर हे त्यावर पत्ते खेळायचे आणि दिवसभर तो माझा. लग्नाआधी मी कोर्स केला होता, त्यात फोनच्या वायरीतून इंटरनेट आलं, आणि मी पुस्तकात बघून वेबसाइटची पानं बनवायला शिकले. कुणासाठी, कशासाठी, काही पत्ता नाही. घरात बसून वेगवेगळ्या रंगांची पानं करायची आणि पुसायची. एके दुपारी तुम्ही फॉलच्या साड्यांच्या घड्या घालता घालता मागे येऊन उभ्या राहिलात. "हे काय करतेस?" मी सांगितलं. तुम्ही थोडा वेळ पडद्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "म्हणजे दुकानाची पाटीच ना? मग घरात काय लावून बसलीस? शेठ लोकांना विकू की."

आणि खरंच विकलीत हो! ज्यांच्या दुकानात कॉम्प्युटर सोडा, हिशेबाचं मशीनसुद्धा धूळ खात पडलेलं, त्यांना तुम्ही वेबसाइट विकलीत. हसमुखभाई शेठ आपलं पहिलं गिऱ्हाईक. तो प्रसंग तुम्ही मला घरी येऊन सगळे आवाज काढून सांगितला होतात. शेठ म्हणाला, "शकुबेन, आ दुकान क्यां छे?" तुम्ही म्हणालात, "सगळीकडे छे, शेठ. अमेरिकेत छे, लंडनमध्ये छे. गाळा नको, नोकर नको, रात्री शटर पाडायला नको." शेठ म्हणाला, "पण मने देखाय क्यां?" तेव्हा तुम्ही पिशवीतून मी छापून दिलेला कागद काढलात आणि त्याच्या गादीवर ठेवलात. "आ जुओ. ही तुमची दुकान."

तिथूनच आपली पद्धत पडली. मी पान बनवायचं, छापायचं, आणि तुम्ही ते कागद पिशवीत घालून मार्केटभर फिरायचं. शेठ लोकांनी आपापल्या वेबसाइटी कधी पडद्यावर पाहिल्याच नाहीत, कागदावर पाहिल्या. हसमुखभाईंनी तर आपला कागद फ्रेम करून लक्ष्मीच्या फोटोशेजारी टांगला आणि रोज त्यालाही अगरबत्ती ओवाळायला सुरुवात केली. तुम्ही म्हणालात, "ओवाळू दे. तुझ्या हाताला यश येईल." मला हसू आवरेना. आता दोन हजार साल येणार, सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, अशी हूल उठली तेव्हा त्याने तुम्हाला बोलावून विचारलं, माझी अमेरिकेतली दुकान उडणार तर नाही? तुम्ही छातीठोकपणे म्हणालात, "अगरबत्ती चालू ठेवा, काही होत नाही."

घरी आलात की पिशवी टेकवायच्या आधी विचारायच्यात, "आज आपल्या पानावर कोण आलं?" पानाच्या तळाशी किती लोक येऊन गेले त्याचा आकडा असायचा ना. तो बहुतेक माझ्याच येण्याजाण्याने वाढायचा, पण ते मी तुम्हाला सांगितलं नाही. आकडा वाढलेला बघून तुम्ही म्हणायच्यात, "एवढे पाहुणे येऊन गेले आणि तू चहा पण विचारला नाहीस?" किती हसायचो आपण.

पण मी ज्या पानाबद्दल बोलतेय ते आपलं स्वतःचं पान. दोघींचं. मला हौस, की आपलं पान मराठीत पाहिजे. आता नेटवर मराठी लिहायचं म्हणजे केवढी कटकट! आपण लिहिलेली अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसता कचरा होऊन दिसतात, कारण त्याच्याकडे आपला फॉन्ट नसतो. म्हणून मी अख्ख्या मजकुराचं एक चित्र करून पानावर चिकटवायचे. चित्र सगळ्यांना दिसतं. पण एकदा पक्कं केलेलं चित्र म्हणजे दगडावरची रेघ, त्यातलं एक अक्षर बदलायचं तरी सगळं पहिल्यापासून मांडायचं. हे मी तुम्हाला समजावून सांगितलं होतं, आणि पुढे किती दिवस तेच कारण तुमच्या तोंडावर फेकलं.

त्या चित्रात मी दोघींची नावं लिहिली. श्रीमती शकुंतला सोनवणे. श्रीमती वंदना पाटील. इथं सुरतेत लग्न झालेल्या बाईला सगळ्या कागदांवर श्रीमतीच लिहितात, गुजराती लोकांत श्रीमती म्हणजे नवऱ्याची बायको. आपल्या मराठी माणसांत श्रीमती म्हणजे जिचा नवरा गेला ती, आणि नवरा असलेली ती सौ. हे मला माहीत नव्हतं असं नाही हो. नाशिकच्या पोरीला हे कुणी शिकवावं लागत नाही. मला वाटत होतं की हे जुनं झालं, एकाच शब्दात सगळ्या बायका बसवाव्यात, आणि आपण काहीतरी नवं करतोय.

संध्याकाळी हे बँकेतून आले. चित्र अजून पडद्यावर उघडंच होतं. यांनी माझं नाव वाचलं आणि म्हणाले, "का गं, मला जिवंतपणीच पोचवलंस की काय?" हसत म्हणाले, पण चेहरा उतरला. मी लगेच, "इश्श, काहीतरीच काय," म्हणून माझ्या नावापुढचं श्रीमती काढलं आणि सौ. लिहिलं. बोटांना काही वेळ लागला नाही. मग चित्र पक्कं केलं आणि पान चढवून टाकलं.

तुमच्या ओळीकडे यांचं लक्ष गेलं नाही. माझं गेलं होतं, वन्सं. बघून मी ती तशीच ठेवली. माझ्यासाठी बोलायला नवरा घरात उभा होता, तुमच्यासाठी कोण होतं? आणि मनात म्हटलं, वन्संच्या बाबतीत चालेल. चालेल! हाच शब्द मनात आला होता. नव्या विचाराचं वारं माझ्या ओळीवरून एका क्षणात उतरलं आणि तुमच्या ओळीवर मात्र राहिलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय?

दुसऱ्या दिवशी मी त्या पानाचा छापलेला कागद दिला, तो तुम्ही वाचलात. मग म्हणालात, "हे माझ्या नावापुढे काय लिहिलंस?" मी शहाणी! मी म्हटलं, "वन्सं, ज्या माणसानं वळून बघितलं नाही त्याच्या नावाचं सौ. कशाला मिरवायचं? आणि शेठ लोकांत तर श्रीमती म्हणजे सवाष्णच." तुम्ही शांतपणे म्हणालात, "शेठ लोकांचं सोड. बमरोलीत मी लग्नाच्या साड्या घेऊन दारात उभी राहते. नवरीचा शालू माझ्या हातातून आत जातो. त्या घरांत मराठी वाचतात." मी म्हटलं, "मग लोकांच्या खुळ्या समजुतींना आपण का भ्यायचं?" तुम्ही चिडलात की तुमच्या तोंडी अहिराणी यायची. तेवढं एकदाच आवाज चढवून म्हणालात, "मना कपायवर काय लावानं ते मी ठरवसू." माझ्या कपाळावर काय लावायचं ते मी ठरवीन. एवढं बोलून साड्यांच्या घड्या घालायला बसलात.

थोड्या वेळाने घडीवरून नजर न उचलता विचारलंत, "हे पान मस्कतला दिसतं का वं?"

आणि मी, माझ्या जिभेला काही हाड? हसत म्हटलं, "मस्कतला दिसतं, अमेरिकेत दिसतं. का हो, आवतण धाडायचंय का त्यांना?" तुम्ही पुढची साडी घडीला घेतलीत. तो माणूस हयात असेल आणि त्याच्या डोळ्यांसमोर ते पान आलं असेल, तर त्याने स्वतःच्याच मरणाची बातमी वाचली असेल. तुम्हाला त्याला काय कळवायचं होतं? की मी अजून आहे, टिकली लावून आहे, ये? की ये नको, पण मी काही तुला मारलं नाही? मी विचारलं असतं तर सांगितलं असतंत. मी हसले, म्हणून विषय तिथंच मिटला.

"बदलते हं," असं मात्र मी म्हटलं होतं. त्याच दिवशी म्हटलं होतं.

मग संक्रांत आली. सोसायटीत जोशीकाकूंकडे हळदीकुंकू होतं. मंडळाच्या फळ्यावर मीच आपल्या जाहिरातीचा कागद लावला होता, तो सगळ्यांनी वाचलेला. काकू करंडा घेऊन एकेकीपुढे येत होत्या. माझ्या कपाळाला लावलं, आणि तुमच्यापुढे आल्या तेव्हा करंडा दुसऱ्या हातात घेऊन तुमच्या तळहातावर नुसता तिळगूळ ठेवला. अगदी हळूच, प्रेमाने. बाई वाईट नाहीत हो. त्यांना वाटलं, मस्कतहून काही कळलं असेल, आपण कशाला उघड विचारायचं. तुमचा हात तिळगुळासाठी पुढे आला होता आणि मान कुंकवासाठी पुढे झुकली होती. ती झुकलेली मान तुम्ही तशीच खाली घेऊन साडीची निरी नीट केल्यासारखं केलंत. मी शेजारी बसून होते, कपाळावर ओलं कुंकू घेऊन.

मी तिथं म्हणू शकले असते, "अहो काकू, ती माझी चूक आहे." तोंड आहे ना मला? भाजीवाल्याशी भांडायला आहे, फोनवाल्यांना झापायला आहे. पण चारचौघींत आपली चूक कबूल करायची म्हटल्यावर ते कुठं गेलं कोण जाणे. घरी येताना जिन्यात तुम्ही म्हणालात, "बरं झालं. नव्या साडीवर हळद सांडली असती." आणि मी पुन्हा म्हटलं, "आजच बदलते."

त्या संध्याकाळी हसमुखभाईंचा निरोप आला, की दुकानाच्या गुजराती नावातला एक काना राहिलाय. तो मी जेवायच्या आधी दुरुस्त केला. तेही चित्रच होतं. तेही पहिल्यापासून मांडलं. मग दुसऱ्या शेठचं पान, मग यात्रा कंपनीचं. आपलं काय, घरचंच आहे, करू निवांत. घरचं म्हणून मागे ठेवायचं आणि बाहेरच्यासाठी धावायचं, ही माझी रीत तुम्ही स्वयंपाकघरात पाहिली होती, इथंही पाहिलीत.

आणि मग तुम्ही तुमचा उपाय शोधलात. मी आतून आले तर तुम्ही जमिनीवर कागद पसरून बसला होतात, शेजारी टिकल्यांचं पाकीट. एकेक लाल टिकली सोडवायची आणि बरोब्बर 'श्रीमती'वर चिकटवायची. सगळ्या कागदांवर. काळ्या-पांढऱ्या छपाईवर तो लाल ठिपका असा उठून दिसत होता! मी वैतागले. "वन्सं, हे काय शाळेतल्या पोरींसारखं? धंद्याचा कागद आहे तो." तुम्ही अंगठ्याने टिकली दाबत म्हणालात, "तू बदलेस्तोवर."

किती टिकल्या गेल्या असतील त्यात. तुम्ही बाजारातून टिकल्यांची पाकिटं आणायला लागलात आणि मला ते दिसत होतं. दर वेळी नवे कागद छापून मी तुमच्यापुढे ठेवायचे, श्रीमतीसकट, आणि तुम्ही पाकीट काढून बसायच्यात. निर्लज्जपणाची कमाल बघा, पुढे पुढे मला ते दिसेनासंच झालं. वाटायला लागलं, चाललंय की.

तुम्ही गेलात त्या सकाळी पिशवी खांद्याला लावून निघालाच होतात. जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसलात, म्हणालात, "वंदे, जरा पाणी आण." मी पाणी घेऊन आले तोवर सगळं संपलं होतं. पाणी माझ्या हातातच राहिलं.

बायका जमल्या. तुम्हाला आंघोळ घातली. माहेरची साडी नेसवायची म्हणून हे उठले, तर जोशीकाकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वंदना, साडी हिरवी आणायची की पांढरी? ओटी भरायची ना? नाही म्हणजे, तुमच्याच कागदावर श्रीमती आहे, म्हणून विचारते." हळूच विचारलं, पण घरात एवढी शांतता होती की सगळ्यांनी ऐकलं. यांनीही. हे वळून म्हणाले, "कोणत्या कागदावर?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. साड्यांच्या गावात माझ्या नणंदेच्या अंगावर कोणत्या रंगाची साडी घालायची, ते माझ्या एका शब्दावर अडलं होतं. 'सवाष्ण' एवढा एक शब्द. मला बोलता आलं नाही, वन्सं. तुमच्या भावानेच शेवटी म्हटलं, "माझ्या ताईला हिरवी साडी. मी आणतो." आणि साडी आणल्यावर स्वतः करंड्यातलं कुंकू घेऊन तुमचं कपाळ भरलं. भरताना थोडं कुंकू तुमच्या पापण्यांवर सांडलं.

नंतर एकदा हे एकटेच कॉम्प्युटरसमोर बसून ते पान बघत होते. मला बघून पान बंद केलं आणि म्हणाले, "माझ्यापण लक्षात आलं नाही गं तेव्हा." ते स्वतःला दोष देत होते. मला तेही ऐकवेना, कारण माझ्या लक्षात आलं होतं.

म्हणून आज सकाळी बसले. सगळं पहिल्यापासून मांडलं. सौ. शकुंतला सोनवणे. दुपारच्या आत पान चढलंसुद्धा. म्हणजे एवढंच काम होतं.

आपला वाद मात्र संपलेला नाही हं. मी अजून म्हणते की बाईच्या नावापुढचा शब्द कुठल्या तरी बाप्याच्या असण्या-नसण्यावर लटकू नये. तुम्ही असता तर मी अजून भांडले असते. पण माझ्या मतासाठी मी माझं कपाळ पुढे करायला हवं होतं. तुमचं नाही.

नवा कागद छापला आणि तुमची पिशवी घेऊन निघाले. वन्सं, एवढ्या दिवसांत मी त्या मार्केटात एकदाही गेले नव्हते. केवढे ते जिने, केवढी ती माणसं, डोक्यावर गठ्ठे घेऊन धावणारी, आणि तुम्ही यात रोज फिरायच्यात! चार वेळा चुकले. दोन वेळा कुणीतरी तुमची पिशवी ओळखून वाट दाखवली.

हसमुखभाई गादीवर होते. मला बघून उठून उभे राहिले, पाणी मागवलं. भिंतीवर लक्ष्मीशेजारी त्यांची वेबसाइट होती, अगरबत्ती चालू होती. "शकुबेन जेवुं कोई नहीं," म्हणाले, शकुबेनसारखं कुणी नाही. मग म्हणाले, काम तुम्हीच चालू ठेवा, नवीन डिझाइनं टाकायची आहेत, तुमचा कागद द्या, भावाला पण दाखवतो. मी नवा कागद दिला. स्वच्छ, नीट, सौ. लिहिलेला. त्यांनी चष्मा लावून तो खालीवर बघितला, उलटा करून मागे बघितलं.

"बेन, चांदलो क्यां गयो?"

मला कळेना. त्यांनी कागदावर तुमच्या नावापुढे बोट ठेवलं. "इधर लाल चांदलो होता है. शकुबेन का कागज मतलब चांदलेवाला. हम तो वही देखके पहचानते हैं. ये तो किसी और का लगता है." त्यांना वाटत होतं ती टिकली आपल्या धंद्याची खूण आहे. सगळ्या मार्केटाला वाटत होतं. शेजारच्या गाळ्यातला माणूसपण म्हणाला, "हा, चांदलावाळी बेन."

मी पिशवीत हात घातला. तुमचं पाकीट असेल म्हणून चाचपलं, ते रिकामं होतं. मग मी माझ्या कपाळावरची टिकली काढली आणि कागदावर, तुमच्या नावापुढे लावली. अंगठ्याने दाबली, तुम्ही दाबायच्यात तशी. हसमुखभाईंनी चटकन नजर फिरवली. "अरे बेन, आवुं ना कराय, असं नाही करायचं," म्हणाले. मी म्हटलं, "असू दे शेठ. आता तुमचा कागद पुरा झाला."

परत येताना शटल रिक्षात बसले. शेजारी एक मराठी बाई, मांडीवर भाजीची पिशवी. तिने माझ्या कपाळाकडे बघितलं, मग गळ्याकडे, मग पुन्हा कपाळाकडे. तिथं टिकलीचा डिंक अजून चिकट लागत होता. ती किंचित सरकून बसली, मला जागा करून देतेय असं दाखवत. तेवढं सरकणं मला पुरलं. तुम्ही हे संक्रांतीपासून रोज सोसत होता का हो?

दोन-तीन स्टॉप गेल्यावर तिला राहवलं नाही. मायेने विचारलं, "कोण गेलं हो घरातलं?"

रिक्षात माणसं होती, सगळी ऐकत होती.

"माझ्या वन्सं," मी मोठ्याने म्हटलं. "सवाष्ण गेल्या."